नाथसागराच्या काठाला एक लेन हवी

ऑगस्ट २०१८. जकार्त्यात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होती. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत कोल्हापूरचा वीरधवल खाडे २२.४३ सेकंदांत पोहला आणि नवा राष्ट्रीय विक्रम झाला. मग फायनल. त्याचा हात भिंतीला लागला तेव्हा फलकावर आकडा उमटला २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपानच्या शुनिची नाकाओचा आकडा होता २२.४६. ब्राँझ जपानला गेलं आणि वीरधवल चौथा आला.

मधे होता सेकंदाचा शंभरावा भाग. त्या वेगानं पोहणारा माणूस एवढ्या वेळात सव्वादोन सेंटिमीटर पुढं सरकतो. प्राथमिक फेरीत जसा पोहला तसाच फायनलला पोहला असता तरी पदक त्याचंच होतं. उडी घेताना पाय ब्लॉकवरून कणभर उशिरा सुटले, शेवटचा हात अर्ध्यात पडला, किंवा भिंत जवळ आली म्हणून मान किंचित वर झाली, तरी एवढा वेळ जातो. ५० मीटरच्या शर्यतीत चूक दुरुस्त करायला जागाच नसते.

जलतरणाचा सगळा कारभार या बारीक मापावर चालतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मिडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखी आली. तेव्हा घड्याळ सहस्रांशापर्यंत ताणलं गेलं आणि लार्सनला ०.००२ सेकंदानं सुवर्ण मिळालं. त्यावर बरीच चर्चा झाली. तलाव बांधणारा गवंडी प्रत्येक लेन मिलिमीटरपर्यंत सारखी देऊ शकत नाही. दोन सहस्रांशात पोहणारा पुढं जातो तीन मिलिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या फरशीच्या फरकानंही निकाल फिरू शकतो. म्हणून पुढं नियम झाला की वेळ शतांशापर्यंतच मोजायची आणि तिथं बरोबरी झाली तर दोघांनाही तेच पदक द्यायचं.

हे मी गंगापूर तालुक्यात बसून लिहितो आहे. आमच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते. नगरकडं जाणाऱ्या महामार्गावर कायगाव टोक्याचा पूल लागतो. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते आणि तिथूनच जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी सुरू होतं. पैठणच्या या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. त्यासाठी शंभराहून अधिक गावं उठली. या धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. तो भरला की त्यात २९० कोटी घनमीटर पाणी मावतं. भरल्या वर्षी कायगावच्या काठावर उभं राहिलं तर नजर पोचेल तिथवर पाणीच दिसतं. तरीही या काठावरून भारतीय जलतरण संघात गेलेला एकही पोहणारा मला माहीत नाही. एवढ्या पाण्याशेजारी राहून आपण जकार्त्याच्या त्या तलावापर्यंत का पोचलो नाही, हे शोधायचं तर सुरुवात विहिरीपासून करावी लागते.

विहीर काय शिकवते

आमच्याकडं पोहणं म्हणजे पवणं, आणि पवायला शिकायचं ते विहिरीत. परीक्षा संपल्या, ऊन तापलं, की गावातल्या एखाद्या थोरल्या विहिरीवर पोरं जमतात. नवख्याच्या काखेखालून कासरा बांधतात. पाठीला पूर्वी वाळलेला भोपळा असायचा, आता तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. कासऱ्याचं दुसरं टोक काका, मामा किंवा आबा अशा एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात असतं. तो पायऱ्यांवर उभा राहून पोराला पाण्यात सोडतो. "खाली बघू नको. हात मार. पाय मार. तोंड मिट." पोर दोनचार गटांगळ्या खातं, रडतं, पायरीला चिकटतं. आबा कासरा थोडा सैल सोडतात, थोडा ओढतात. पोराला वाटतं आपण कासऱ्यावरच आहोत, पण कासरा कधीचा सैल पडलेला असतो. आठवड्याभरात कॅन सुटतो, मग कासरा सुटतो, आणि पंधरा दिवसांत तेच पोर वरच्या थारोळ्यावरून मुटका मारतं.

ही शिकवणी उत्तम आहे. ती फुकट आहे, जवळ आहे आणि भीती घालवते. पाणी आपल्याला वर उचलतं, ही पोहण्यातली पहिली आणि सगळ्यांत अवघड गोष्ट विहीर पक्की शिकवते. पोहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनं घडवल्या.

पण शर्यतीला लागणारं बाकी काहीच ती शिकवू शकत नाही, आणि दोष तिच्या आकाराचा आहे. विहिरीत पोर मान वर काढून पोहतं, कारण समोरून दुसरं कुणी उडी टाकेल याकडं लक्ष ठेवावं लागतं. मान वर गेली की कंबर खाली जाते, आणि अंग पाण्यात तिरकं झालं की पाणी अडवतं. शर्यतीत चेहरा पाण्यात असतो, श्वास पाण्याखाली सोडायचा असतो आणि घ्यायला मान फक्त कुशीला वळवायची असते, तीही एक गॉगल पाण्यातच राहील इतकीच. हे अंगात मुरायला सरळ, मोकळं अंतर लागतं. विहिरीत आठदहा हात मारले की समोर भिंत. त्या भिंतीवर कोलांटी घेऊन दोन्ही पायांनी रेटा द्यायचा, पाण्याखाली डॉल्फिनसारखी किक मारत जायचं आणि नियमानुसार १५ मीटरच्या आत डोकं वर काढायचं, हा टर्न काळ्या कातळाच्या कडेवर कुणी करू धजत नाही.

राष्ट्रीय दर्जाचा पोहणारा दिवसाला सहासात किलोमीटर पोहतो, बहुधा सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सहा दिवस, वर्षभर. आमची विहीर जेमतेम अडीच महिने चालते. मे संपता संपता पाणी तळाला जातं, आणि पाऊस पडला की गढूळ होतं.

आणि विहीर पोरांची आहे. पोरी काठावर कपडे धुतात, लहान भावाचे कपडे सांभाळत बसतात. सातआठ वर्षांची होईतो एखादी उतरते, पुढं तिला कुणी उतरू देत नाही. तालुक्यातल्या निम्म्या मुलांना पाण्याबाहेर ठेवल्यावर संघ निवडायला उरतात ती निम्मीच.

नदीच्या बळावर मिळालेलं सुवर्ण

नदी आणि विहीर यांच्या बळावर मोठं पदक मिळण्याचा एक काळ होता. १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. जलतरणातल्या शर्यतीत भारताला मिळालेलं आशियाई सुवर्ण आजही तेवढं एकच आहे. नाग बनारसचे, गंगेत पोहत वाढलेले. १९४७ च्या दंगलीत त्यांच्या पायाला गोळी लागली होती. बरं व्हायला दोन वर्षं लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं असताना ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले आणि वॉटरपोलोत चिलीविरुद्ध भारत ७-४ असा जिंकला त्यात चार गोल त्यांचे होते. १९५१ च्या त्याच स्पर्धेत भारतानं वॉटरपोलोचंही सुवर्ण घेतलं, आणि सूर मारण्याच्या दोन्ही प्रकारांत के. पी. ठक्कर पहिले आले.

म्हणजे आशियात भारत तेव्हा वरच्या रांगेत होता. त्यानंतर पाणी तेच राहिलं, माणसंही तीच, पण मोजमाप बदललं. १०० मीटरचा आजचा जागतिक विक्रम चीनच्या पान झान्लेचा आहे, ४६.४० सेकंद, पॅरिस २०२४ मधला. नाग यांच्या वेळेहून तो अठरा सेकंदांनी कमी आहे. ही अठरा सेकंदं नदीत कापता येत नाहीत. ती कापली तलावांनी, प्रशिक्षकांनी, पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी आणि लहान वयात सुरू झालेल्या सरावानं. जपाननं, चीननं ती उभारणी केली. आपण नाग यांच्या सुवर्णानंतर पस्तीस वर्षं थांबलो. १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं. मग पुन्हा चोवीस वर्षं काही नाही.

ती चोवीस वर्षं संपवली वीरधवलनं. २०१० मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लाय २४.३१ सेकंदांत पोहून त्यानं ब्राँझ मिळवलं. त्याच्या दोन वर्षं आधी, सतरा वर्षं पुरी व्हायच्या आत, तो बीजिंग ऑलिम्पिकला तीन शर्यतींत उतरला होता. त्याच वर्षी पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तिथं त्यानं सुवर्णपदकं घेतली. घडला मात्र तो कोल्हापूर सोडून बंगळुरूत, निहार अमीन यांच्या हाताखाली. पुढं खेळाडू म्हणून राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. नोकरीत आणि दुखापतीत मधली वर्षं गेली, तो परत आला, आणि सव्वादोन सेंटिमीटरनं हुकला. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन निवृत्ती पत्करली. महिलांच्या ५० मीटरचं सुवर्ण त्याच स्पर्धेत त्याची पत्नी ऋजुता हिनं महाराष्ट्रासाठीच जिंकलं.

आमच्या तालुक्याला तहसीलदार चांगला परिचयाचा. सातबारा, दुष्काळी अनुदान, टँकरचा प्रस्ताव, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. त्या खुर्चीत बसणारा एक माणूस आशियातला चौथ्या क्रमांकाचा वेगवान पोहणारा होता, हे इथल्या शाळांतल्या पोरांना सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्राची सगळ्यांत मोठी पदकं

भारतीय जलतरणाचा हिशेब मांडताना आपण एक पान उलटायचं विसरतो. ऑलिम्पिकमध्ये किंवा खुल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पोहणाऱ्याला अजून पदक मिळालेलं नाही. पॅरालिम्पिकमध्ये आणि पॅरा जागतिक स्पर्धेत मात्र सुवर्ण मिळालं आहे, आणि ते आणणारे दोघं महाराष्ट्राचे आहेत.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमईमध्ये होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं गेलं आणि तिथं त्यांना नवा खेळ सापडला. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिक झालं, म्युनिकच्या ऑलिम्पिकच्या काही दिवस आधी. लार्सन आणि मॅकीचं ते घड्याळ अजून सुरू व्हायचं होतं. पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. सुवर्ण आणि जागतिक विक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. देशानं त्यांना पद्मश्री दिली २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार मिळायला २०२५ उजाडलं, तेही त्यांच्यावरचा सिनेमा घरोघरी पोचल्यावर.

कांचनमाला पांडे अमरावतीच्या, नोकरी नागपूरला रिझर्व्ह बँकेत. त्यांना पूर्ण अंधत्व आहे. २०१७ ची जागतिक पॅरा जलतरण स्पर्धा मेक्सिको सिटीत होती. सप्टेंबरच्या भूकंपामुळं ती डिसेंबरवर गेली. कांचनमाला २०० मीटर मिडले जिंकल्या. मिडलेत एकामागून एक चारही प्रकार पोहायचे असतात: बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल.

अंधांची शर्यत जवळून पाहिली की ती किती कठीण असते ते कळतं. पॅरा जलतरणात अंधांच्या अकराव्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे एखाद्याला उजेडाचा अंशही जाणवत असेल तर तो फायदाही उरत नाही. लेन कुठं संपते ते दिसत नाही. हात मारता मारता बोटं लेनच्या दोरीला घासली की पोहणाऱ्याला कळतं, आपण कडेला सरकलो. भिंत जवळ येताना काठावरचा माणूस लांब दांडीच्या टोकाला बसवलेल्या मऊ गोळ्यानं डोक्यावर किंवा पाठीवर टकटक करतो. तो स्पर्श क्षणभर उशिरा झाला तर पोहणारी पूर्ण वेगानं भिंतीवर आदळते. लवकर झाला तर ती आधीच हात आखडते आणि वेळ जातो. तो स्पर्श कधी करायचा हे दोघांनी शेकडो वेळा एकत्र सराव करून ठरवलेलं असतं. त्या सुवर्णात काठावर उभ्या असलेल्या माणसाचाही वाटा असतो.

सुयश जाधव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. अकराव्या वर्षी विजेचा धक्का बसून दोन्ही हात कोपराखाली गेले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई पॅरा स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं. शहर होतं जकार्ता, दोन महिन्यांपूर्वी वीरधवलचं पदक हुकलं होतं तेच. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर काढून पुढं टाकायचे आणि पंजानं पाणी मागं रेटायचं असतं. पंजे नसलेला माणूस तो प्रकार खांद्यांच्या, छातीच्या आणि कमरेच्या बळावर पोहतो.

या तिघांना मी चमत्कार म्हणणार नाही. चमत्कार म्हटलं की आपली जबाबदारी संपते. तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी आहे: कुणीतरी त्यांना योग्य तलावापर्यंत नेलं आणि काठावर उभं राहिलं. पेटकरांना सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेनं पाण्यात उतरवलं. सुयशला पुण्यात तपन पाणिग्रही यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. असे अपघात आमच्याही तालुक्यात होतात. विजेचा धक्का, मळणीयंत्र, वाळूजच्या कारखान्यांतलं प्रेस मशीन. हात गेलेल्या आमच्या पोराला पाण्यापर्यंत नेणारं कुणी आहे का?

अहमदाबादचा धडा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आशियाई जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा अहमदाबादला नारणपुऱ्यातल्या वीर सावरकर क्रीडा संकुलात झाली. बंगळुरूच्या श्रीहरी नटराजनं २०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४८.४७ सेकंदांत पोहून रौप्य घेतलं. ५० मीटर बॅकस्ट्रोकमध्येही तो दुसरा आला. साजन प्रकाशला २०० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ मिळालं. हेच दोघं २०२१ मध्ये रोमच्या स्पर्धेत ऑलिम्पिकची थेट पात्रता वेळ गाठणारे पहिले भारतीय पोहणारे ठरले होते. साजननं २०० मीटर बटरफ्लायमध्ये १ मिनिट ५६.३८ सेकंद दिली, तर दुसऱ्या दिवशी श्रीहरीनं १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७.

हा संघ आधीच्या कुठल्याही संघाहून चांगला आहे, यात शंका नाही. आता विजयमंचावर आपली मुलं दिसतात. पण २०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम १ मिनिट ४२ सेकंदांचा आहे. श्रीहरीच्या रौप्याहून तो साडेसहा सेकंदांनी पुढं आहे, म्हणजे तलावाची जवळजवळ पाव लांबी. हे अंतर एकट्या श्रीहरीनं भरून निघणार नाही. श्रीहरीसारखे पन्नास जण एकमेकांना रोज हरवू लागले तर निघेल.

ते पन्नास कुठून येतात हे बंगळुरूनं दाखवलं आहे. बसवनगुडीचा जलक्रीडा केंद्राचा तलाव असो, वीरधवल घडला ते केंद्र असो, तिथं शेजारपाजारची मुलं पहाटे पाच वाजता पाण्यात असतात, आठदहा वर्षांची होण्याआधी त्यांचा टर्न बसलेला असतो. पॅरिस ऑलिम्पिकला चौदाव्या वर्षी गेलेली धिनिधी देसिंगू याच शहरातली. सगळ्यांकडं एकसारखी प्रतिभा असते असं नाही, पण प्रतिभा असलेलं पोर प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

आणखी छोटं उदाहरण सिंगापूरचं. आकारानं ते बेट आमच्या गंगापूर तालुक्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. तिथं वस्तीवस्तीला सरकारी तलाव आहेत आणि शाळेतल्या मुलांना पाण्यात जीव कसा वाचवायचा हे शिकवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्या देशाच्या जोसेफ स्कूलिंगनं २०१६ मध्ये रिओत १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत पोहून मायकेल फेल्प्सला हरवलं. पुढचा सराव त्यानं अमेरिकेत केला हे खरं, पण पाण्याशी पहिली ओळख घराजवळ झाली.

पाण्याचा हिशेब

मराठवाड्यात तलाव मागायचा तर आधी पाण्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते द्यायलाच हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्याच तालुक्यातली गावं टँकरची वाट पाहतात तेव्हा निळ्या फरशीचा तलाव भरायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे.

आकड्यांत पाहू. ऑलिम्पिक मापाचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरू. त्यात २५ लाख लिटर पाणी बसतं, म्हणजे १२ हजार लिटरचे दोनशेहून अधिक टँकर. हे तालुक्याला झेपणारं नाही आणि सुरुवातीला लागतही नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा सहा लेनचा तलाव धरला तर पाणी लागतं साडेचार लाख लिटरच्या आत. हे पाणी रोज बदलत नाहीत. वाळूच्या फिल्टरमधून तेच पाणी फिरवतात. रोज नवं घालावं लागतं ते वाफ होऊन गेलेलं. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं असं धरलं तरी ते तीन हजार लिटरच्या आसपास भरतं, आणि रात्री आच्छादन घातलं तर त्याहून कमी. नाथसागर भरतो तेव्हा त्यात असे साठ लाखांहून अधिक तलाव मावतील इतकं पाणी असतं. आणि ज्या वर्षी खरंच दुष्काळ पडेल, त्या वर्षी तलाव कोरडा ठेवावा. माणसाच्या आणि जनावरांच्या पाण्याआधी कुठल्याही पदकाचा नंबर लागत नाही.

मग नदीतच का शिकवू नये? कारण गोदावरी आता पूर्वीची उरलेली नाही. वाळूउपशानं पात्रात खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला पुरुषभर खोलात जातो. फुगवट्याच्या काठाला गाळ आहे, पाय रुतला की निघत नाही. पोळ्याला बैल धुवायला, गणपती विसर्जनाला, दशक्रियेला माणसं काठावर येतात आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून बुडाल्याची बातमी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभर सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. आपल्या देशात वर्षाला तीस हजारांहून अधिक जण बुडून मरतात. त्यात मुलं फार असतात.

तालुक्याच्या तलावाचं पहिलं काम म्हणूनच पदकाचं नाही. चौथी-पाचवीतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पाण्यावर पाठ टेकून तरंगता आलं पाहिजे, पंचवीस मीटर पोहता आलं पाहिजे आणि बुडणाऱ्याला हात न देता दोरी, काठी किंवा रिकामा कॅन कसा टाकायचा हे कळलं पाहिजे. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारा भाऊ किंवा मित्रही त्याच्याबरोबर जातो, ही आपल्या बातम्यांतली नेहमीची दुसरी ओळ आहे. विहिरीवरच्या आबांना कासऱ्याचं महत्त्व माहीत असतं. ती जाण शाळेत आणायची आहे.

तालुक्यानं काय मागावं

आज गंगापूरच्या मुलाला शास्त्रशुद्ध पोहायचं असेल तर संभाजीनगर गाठावं लागतं. तिथं महापालिकेचा सिद्धार्थ जलतरण तलाव आहे, एमजीएमचा तलाव आहे. अंतर चाळीसेक किलोमीटर. सकाळ-संध्याकाळचा सराव म्हणजे रोज दीडशे किलोमीटरचा प्रवास, वर शाळा. शेतकऱ्याच्या घरात हे शक्य नाही. म्हणून मागणी साधी आहे आणि ती तालुक्याच्या क्रीडा संकुलापुरती आहे.

सहा लेनचा, २५ मीटरचा तलाव. त्यात उतरायला पायऱ्यांबरोबर उताराची वाट, म्हणजे कुबड्या घेऊन येणाऱ्यालाही आत जाता येईल. मुलींसाठी ठरलेल्या वेळा आणि त्या वेळी काठावर महिला प्रशिक्षक. पगारी, प्रमाणित प्रशिक्षक आणि जीवरक्षक, उन्हाळी शिबिरापुरते नव्हे तर वर्षभराचे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आठवड्यातला ठरलेला तास आणि त्यासाठी बस. भिंतीवर सेकंदकाटा दिसेल असं मोठं घड्याळ, कारण पोराला स्वतःची वेळ कळली की त्याची पहिली स्पर्धा स्वतःशीच सुरू होते. यातली सगळ्यांत महाग गोष्ट तलाव नाही, पगार आहे. आपल्याकडं तलाव बांधले जातात, उद्घाटनाची कोनशिला बसते आणि दोनतीन वर्षांत फिल्टर बंद पडून पाणी हिरवं होतं, कारण देखभालीचं आणि माणसाच्या पगाराचं लेखाशीर्ष अंदाजपत्रकात कुणी धरलेलंच नसतं. वाळूजला कारखान्यांची रांग आहे, त्यांच्या सामाजिक निधीतून हा खर्च मागता येईल. साखर पट्टा आहे, सहकाराची सवय आहे. पैसा उभा करणं इथल्या माणसांना नवं नाही.

हे सगळं झालं तरी आमच्या तालुक्यातून भारतीय संघात कुणी जाईल याची हमी मी देत नाही. आठव्या वर्षी पाण्यात उतरलेलं पोर विशीत राष्ट्रीय तलावावर पोचतं, तेही हजारातलं एखादं. म्हणजे आज काम सुरू केलं तर उत्तर कळायला बारापंधरा वर्षं जातील. तेवढ्या काळात मात्र तालुक्यातल्या पंधरा वर्गांतल्या मुलामुलींना पोहायला आलेलं असेल, आणि वर्षाला बुडून मरणाऱ्यांतली काही नावं यादीत नसतील. त्यांची गणना कुठल्याही फलकावर होणार नाही. माझ्या लेखी ते या तलावाचं पहिलं सुवर्ण आहे आणि त्यासाठी कुठल्या निवड चाचणीची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या नियोजन बैठकीत तलावाइतक्याच ठळक अक्षरांत प्रशिक्षकाचा पगार लिहिला गेला, तर सुरुवात झाली असं आम्ही समजू.